खडक जिवंत विकत घ्यायचा, की घरी जिवंत होऊ द्यायचा?

वाचकाच्या पत्राचा सारांश: पुण्यात राहणारे, चाळिशी ओलांडलेले एक वाचक लिहितात की, गेली अकरा वर्षे ते घरी पाणवनस्पतींची गोड्या पाण्यातील टाकी सांभाळत आहेत आणि आता त्यांनी प्रवाळांसाठी समुद्री टाकी सुरू करायचे ठरवले आहे. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी काचेची टाकी, स्टँड, दिवे आणि प्रोटीन स्किमर (पाण्यातली सेंद्रिय घाण फेसाबरोबर बाहेर काढणारे यंत्र) घरी आले आहेत. अडले आहे ते खडकापाशी. दुकानदाराच्या मते किमान 40 किलो आयात केलेला ‘लाइव्ह रॉक’ घेतल्याशिवाय टाकी ‘चालू’ होणारच नाही, आणि त्याची किंमत टाकी व दिवे यांच्या एकत्रित किमतीहून अधिक आहे. मालवणचे मेहुणे म्हणतात, किनाऱ्यावर लाटांनी आणून टाकलेले पांढरे प्रवाळदगड गोणीभर पाठवतो, मोठ्या पातेल्यात उकळून घेतले की झाले. तिसरा पर्याय कारखान्यात तयार केलेल्या जांभळट सुक्या खडकाचा आहे. पण तो ‘मेलेला दगड’ असल्याचे दुकानदाराने सांगितल्यामुळे त्यावर त्यांचे मन बसत नाही. सह्याद्रीतला काळा दगड किंवा कोकणातला जांभा चालेल का, हेही त्यांनी विचारले आहे. मुलीचा अकरावा वाढदिवस सहा आठवड्यांवर आला असून त्या दिवशी टाकीत क्लाउनफिशची जोडी असेल, असे तिला कबूल केलेले आहे. ‘एकदा खडक लावल्यावर चूक कळली तर सगळेच उपसावे लागेल, म्हणून हात पुढे होत नाही,’ असे ते लिहितात.

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र दोनदा वाचले. ‘जिवंत’ हा शब्द त्यात जागोजागी आला आहे आणि ‘वेळ’ हा शब्द एकदाच, तोही वाढदिवसाच्या संदर्भात. मला वाटते, तुमची अडचण खडकाच्या प्रकारात जितकी आहे त्यापेक्षा या दोन शब्दांच्या वजनात अधिक आहे. खडक जिवंत असेल तर टाकी लगेच जिवंत होईल आणि तो सुका असेल तर टाकी मेलेलीच राहील, असे तुम्ही धरून चालला आहात. दुकानदाराने ते सांगितले म्हणून तुम्ही ते धरले, यात तुमचा दोष नाही. पण चाळीस किलोंचे पैसे मोजण्यापूर्वी हे गृहीतक एकदा उलगडून पाहू.

आधी ‘लाइव्ह रॉक’ म्हणजे काय ते पाहू. तो खडक स्वतः जिवंत नसतो. मेलेल्या प्रवाळांचे सांगाडे, शंखशिंपल्यांचे तुकडे आणि चुनखडी शैवाल यांचा तो एक सच्छिद्र गठ्ठा असतो, आणि त्याच्या पृष्ठभागावर व छिद्रांत जिवाणू, शैवाल, स्पंज, कृमी आणि बारीक कवचधारी जीव राहत असतात. पूर्वी समुद्री टाकीत पांढरेशुभ्र, धुऊन काढलेले प्रवाळ केवळ शोभेसाठी ठेवत आणि पाणी स्वच्छ राखण्याचे काम गाळणीवर सोडत. जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी 1961 साली एका अमेरिकी मासिकात वेगळीच पद्धत मांडली: समुद्रातून आणलेला खडक त्यावरच्या जीवसृष्टीसह टाकीत ठेवायचा, हवेच्या बुडबुड्यांनी पाणी हलते ठेवायचे आणि स्वच्छतेचे काम त्या खडकालाच करू द्यायचे. पुढे युरोपात त्याला प्रोटीन स्किमरची जोड मिळाली आणि आज ज्याला आपण ‘रीफ टँक’ म्हणतो तो प्रकार रुजला. तेव्हा दुकानदार जे सांगतात त्यामागे एक खरा आणि आदरणीय इतिहास आहे. फक्त तो इतिहास जेथे घडला तेथे समुद्र हाकेच्या अंतरावर होता.

तुम्ही अकरा वर्षे टाकी सांभाळली आहे, त्यामुळे माशांच्या मळातून येणाऱ्या विषारी अमोनियाचे जिवाणू आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, ही साखळी तुम्हाला नव्याने सांगायला नको. मात्र दोन फरक ध्यानात घ्या. तुमच्या सध्याच्या टाकीत अमोनियाचा मोठा वाटा वनस्पतीच शोषून घेतात, म्हणून जिवाणू थोडे कमी पडले तरी निभावून जाते. समुद्री टाकीत हा भार जवळजवळ सगळा जिवाणूंवर पडतो आणि त्यांना राहायला सच्छिद्र जागा हवी, ती जागा म्हणजे खडक. दुसरे असे की, समुद्राच्या पाण्याचा पीएच 8.1 ते 8.4 असतो आणि या पातळीला अमोनियाचा विषारी भाग गोड्या पाण्याच्या मानाने कित्येक पटींनी वाढतो. म्हणजे जी हयगय वनस्पतींच्या टाकीत माशांनी सोसली, ती येथे ते सोसणार नाहीत.

आता मुख्य मुद्दा. हे नायट्रीकरण करणारे जिवाणू प्रवाळाच्याच सांगाड्यावर वाढतात असे मुळीच नाही. भाजलेल्या मातीच्या, सिमेंटच्या किंवा सिरॅमिकच्या सच्छिद्र पृष्ठभागावरही ते तितकेच सुखाने वाढतात. त्यांना ओलावा, प्राणवायू, अमोनिया आणि काही आठवडे एवढेच लागते. खडकाच्या आतल्या, प्राणवायू न पोहोचणाऱ्या भागात नायट्रेटचा वायू करणारे दुसरे जिवाणू कालांतराने वस्ती करतात, आणि तेही सुक्या खडकात होते, फक्त उशिरा. त्यामुळे ‘त्याशिवाय टाकी चालूच होणार नाही’ हे विधान खरे नाही. ‘त्याशिवाय टाकी थोडी उशिरा चालू होईल’ असे म्हटले असते तर मी मान डोलावली असती.

दुकानदारांचे आणखी एक म्हणणे तुमच्या पत्रात आहे: खरा प्रवाळखडक हळूहळू विरघळून पाण्यातील कॅल्शियम आपोआप भरून काढतो. ही समजूत फार जुनी आणि फार पसरलेली आहे. निरोगी समुद्री पाणी खडकातल्या चुन्याने आधीच अतिसंपृक्त असते, त्यामुळे पीएच 8 च्या वर असताना खडक विरघळत नाही. प्रवाळ वाढू लागले की कॅल्शियम 400 ते 450 पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) आणि क्षारता 8 ते 9 डीकेएच (क्षारता मोजण्याचे एकक) राखण्यासाठी तुम्हाला ते बाहेरूनच घालावे लागेल, खडक कोणताही असो. म्हणून या एका कारणासाठी जास्त पैसे मोजू नका.

तरीही लाइव्ह रॉकची बाजू मला प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, कारण ती लहान नाही. चांगल्या, नीट आणलेल्या खडकाबरोबर जी विविधता येते ती दुकानातल्या जिवाणूंच्या कोणत्याही बाटलीतून येत नाही. जांभळे-गुलाबी कोरलाइन शैवाल, खडकाच्या सांदीत राहणारे काटेरी कृमी, रात्री काचेवर दिसणारे बारीक कोपेपॉड, छोटे स्पंज, हे सगळे मिळून उरलेले अन्न आणि कुजका गाळ खातात, आणि अशी गजबजलेली टाकी तपकिरी चिकट डायनोफ्लॅजेलेटसारख्या उपद्रवाला सहसा लवकर बळी पडत नाही. ज्यांनी दोन्ही प्रकारच्या टाक्या पाहिल्या आहेत त्यांना हा फरक पहिल्या वर्षात डोळ्यांना दिसतो.

पण त्याच सांद्यांतून नको असलेले पाहुणेही येतात. ऐप्टेशिया नावाचे काचेसारखे फिकट समुद्रफूल एक आले की त्याच्या एका तुकड्यापासून दुसरे उगवते आणि वर्षभरात ते प्रवाळांना टोचू लागते. व्हॅलोनियाचे हिरवे फुगे, ब्रायॉप्सिसची पिसांसारखी शैवाले, आणि कधी रात्री मासे मारणारी मँटिस कोळंबी, हे सगळे नवशिक्याच्या टाकीत खडकाच्या वाटेनेच आलेले मी पाहिले आहेत. शिवाय हा खडक आपल्यापर्यंत पोहोचतो तो ओल्या कागदात गुंडाळून, विमानाने, दोन-तीन दिवसांचा प्रवास करून. वाटेत त्यावरचे स्पंज आणि कृमी मरतात, आणि असा खडक थेट टाकीत ठेवला की कुजून अमोनिया उसळतो. म्हणून तो आधी अंधाऱ्या पिंपात, हलत्या खाऱ्या पाण्यात, वरचेवर पाणी बदलत काही आठवडे मुरवावा लागतो. तुमच्या सहा आठवड्यांच्या हिशेबात हा काळ धरलेला नाही, याकडे मी तुमचे लक्ष वेधतो. दुकानात असा खडक पाहायला गेलात तर प्रथम वास घ्या: समुद्रासारखा, किनाऱ्यासारखा वास यायला हवा, सडलेल्या अंड्याचा वास आला तर परत या. आणि जो खडक दुकानात कोरडा, खोक्यात ठेवलेला आहे, त्याच्यावर ‘लाइव्ह’ अशी चिठ्ठी असली तरी तो सुका खडकच आहे, हे निःशंक समजा.

यापुढची गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते आणि ती तुमच्या दुकानदाराला व मेहुण्यांना दोघांनाही लागू आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत 2001 साली खडक बांधणारे सर्व प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश झाला, आणि 2022 च्या दुरुस्तीनंतरही ते त्याच अनुसूचीत आहेत. ही वाघाची अनुसूची आहे. तिच्यातील प्राण्यांबाबतच्या गुन्ह्याला किमान 3 आणि कमाल 7 वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे, आणि प्राण्याचा अवयव किंवा सांगाडा बाळगणे हेही त्यात येते. ‘तो तर मेलेलाच होता, लाटेने आणून टाकला होता’ हे म्हणणे त्यामुळे टिकत नाही. मेहुण्यांचा हेतू निर्मळ आहे याची मला खात्री आहे. कोकणात लहानपणापासून खिशात घालून आणलेली वस्तू गुन्हा असू शकते, हे कोणाच्या मनातही येत नाही. पण मालवणचा समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, आणि तेथून पुण्याला येणारी प्रवाळांची गोणी वाटेत कोणी उघडून पाहिली तर अडचण त्यांचीच होईल, तुमच्या टाकीची नव्हे.

कायद्याच्या मागचे कारणही सांगतो, म्हणजे हे केवळ भीतीपोटी लिहिले आहे असे वाटायला नको. तामिळनाडूच्या मन्नारच्या आखातात 21 बेटांची रांग होती. चुना आणि बांधकाम यांसाठी तेथील प्रवाळ दशकानुदशके उपसले गेले, लाटांना अडवणारा कठडा गेला, आणि त्यांपैकी दोन बेटे पाण्याखाली गेली. प्रवाळाचा मेलेला सांगाडाही किनाऱ्याचे काम करतो: लाटा मोडतो, नव्या प्रवाळांना बसायला जागा देतो, आणि झिजून वाळू होतो. आपल्याच मुंबईत किनारी रस्त्याच्या कामाआधी, 2020 मध्ये, हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरील प्रवाळांच्या वसाहती वन खात्याची परवानगी घेऊन, शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली दुसरीकडे हलवाव्या लागल्या. एवढी काळजी ज्याची घेतली जाते ते आपण दिवाणखान्यासाठी गोणीने आणू नये, असे मला मनापासून वाटते.

आयात केलेल्या खडकाचेही तसेच आहे. कठीण सांगाड्याचे प्रवाळ ‘साइट्स’ या वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत आणि लाइव्ह रॉकचा व्यापार त्याच नियमांखाली येतो; निर्यात करणाऱ्या देशाच्या परवान्याशिवाय तो सीमा ओलांडू शकत नाही. फिजीसारख्या, एके काळी जगभर खडक पाठवणाऱ्या देशानेही पुढे ही निर्यात रोखली. तेव्हा दुकानदारांना शांतपणे विचारा: हा खडक कोणत्या देशातून आला, परवान्याची प्रत दाखवाल का, आणि बिलावर तसे लिहून द्याल का? या तीन प्रश्नांना सरळ उत्तर मिळाले नाही, तर निर्णय तुमच्यासाठी आपोआप झाला आहे.

उकळण्याविषयी स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे. समुद्रातून आलेला कोणताही खडक घरात कधीही उकळू नका, गरम पाण्याने धुऊ नका आणि ब्रशने कोरडा घासू नका. पॅलिथोआ या फुलांसारख्या दिसणाऱ्या जीवांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचे अतिशय तीव्र विष असते. ते हवाईमध्ये 1971 साली प्रथम वेगळे काढण्यात आले. खडक उकळताना ते वाफेबरोबर हवेत मिसळते, आणि अशा प्रसंगी घरातली सगळी माणसे आणि पाळीव प्राणीसुद्धा रुग्णालयात दाखल करावे लागल्याच्या नोंदी परदेशात आहेत. पॅलिथोआ आपल्या मुंबई-कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावरही ओहोटीला दिसतात. उन्हात वाळून पांढऱ्या झालेल्या दगडात हा धोका कमी असेल. पण स्वयंपाकघरातले पातेले आणि अकरा वर्षांची मुलगी असलेल्या घरात ‘कमी’ या शब्दावर मी विसंबणार नाही.

सह्याद्रीतला काळा दगड आणि जांभा यांचे उत्तर थोडक्यात देतो. काळा बेसाल्ट घट्ट असतो, त्यामुळे त्याच्या वजनाच्या मानाने जिवाणूंना जागा फार थोडी मिळते. शिवाय त्याच्या शिरांमध्ये कोणती खनिजे आहेत हे घरी कळत नाही. गोड्या पाण्यात तो शोभतो, तेथेच राहू द्या. जांभा सच्छिद्र दिसतो म्हणून मोह होतो, पण तो लोह आणि ॲल्युमिनियम यांच्या ऑक्साइडांनी भरलेला असतो, पाण्यात भुसभुशीत होतो आणि शैवालाला लागणारे लोह सोडत राहतो. मुंबईच्या जुन्या इमारतींमध्ये दिसणारा पोरबंदरी दगड चुनखडीचा आणि सच्छिद्र आहे, तो का नको, असे एका वाचकाने पूर्वी विचारले होते. इमारतीतून निघालेल्या दगडाने वर्षानुवर्षे काय शोषले असेल ते सांगता येत नाही, म्हणून नको. दगडावर व्हिनेगर टाकल्यावर फेस आला की तो टाकीला योग्य, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. फेसावरून फक्त चुना आहे एवढेच समजते, त्यात आणखी काय आहे हे समजत नाही.

म्हणून माझा सल्ला असा आहे. कारखान्यात तयार केलेला सच्छिद्र सुका खडक 20 ते 25 किलो घ्या, बिल जपून ठेवा, आणि त्यात जीवसृष्टीचे विरजण लावा. खाणीतून काढलेला जुना प्रवाळखडकही सुका म्हणून विकला जातो, आणि त्याची रचना सुंदर असते. पण त्यात सांगाड्याच्या खुणा स्पष्ट असतात आणि कायद्याचा वर सांगितलेला प्रश्न पुन्हा उभा राहतो, शिवाय त्यात पूर्वी मेलेल्या जीवांचे फॉस्फेट साठलेले असू शकते. कृत्रिम खडकात हे दोन्ही त्रास टळतात. त्याचा जांभळा रंग मात्र कायमचा समजू नका. दोन महिन्यांत तो तपकिरी थराखाली जाईल आणि खरा जांभळा रंग कोरलाइन शैवालातून पुढे केव्हातरी येईल.

चाळीस किलो कशासाठी, हाही प्रश्न विचारायला हवा होता. गॅलनला एक ते दोन पौंड हा जुना अमेरिकी ठोकताळा आहे; तुमच्या सुमारे 250 लिटरच्या टाकीला तो 30 ते 60 किलो सांगतो. तो काळ जड खडकाचा भिंतीसारखा ढीग रचण्याचा होता. त्या भिंतीमागे पाणी साचते, गाळ कुजतो आणि नायट्रेट वाढत राहतो. सच्छिद्र, हलक्या खडकाची मोकळी रचना 20-25 किलोंत उत्तम होते, आणि उरलेली जागा प्रवाळांना वाढायला लागते. वजनाचेही पाहा: पाणी, वाळू, काच, खडक आणि स्टँड मिळून ही टाकी साडेतीनशे किलोंच्या पुढे जाईल; ती तुळईच्या जवळ, भिंतीला लागून ठेवलेली बरी.

विरजणाविषयी. पुण्यात समुद्री टाकी दोन-तीन वर्षे नीट चाललेली अशी एखादी ओळखीची व्यक्ती शोधा आणि तिच्याकडून किलोभर लहान तुकडे, मूठभर ओली वाळू आणि थोडा गाळणीतला चोथा मागून घ्या. हे तुकडे ओलेच, खाऱ्या पाण्यात बुडवून, त्याच दिवशी आणा. त्यांचा मूळ खडकही कृत्रिम असेल तर सर्वांत उत्तम. जोडीला समुद्री जिवाणूंची बाटली घ्या. गोड्या पाण्याची तुमच्याकडची बाटली येथे उपयोगाची नाही. तुकडे टाकीत घालण्यापूर्वी पांढऱ्या बादलीत ठेवून विजेरीच्या उजेडात नीट पाहा, ऐप्टेशिया दिसला तर तो तुकडा सरळ परत करा.

आणि एक प्रश्न न चुकता विचारा: त्या टाकीत कधी तांब्याचे औषध वापरले होते का? माझ्या पहिल्या टाकीसाठी मी बंद होत असलेल्या एका टाकीतला खडक अर्ध्या किमतीत घेतला होता. खडक देखणा होता, माशांना काहीही झाले नाही. पण गोगलगायी आणि सफाई करणाऱ्या कोळंब्या दोन दिवसांत मेल्या, पुन्हा आणल्या, पुन्हा मेल्या. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तेथे तांबे वापरले होते, ते खडकाने शोषले होते आणि तो ते माझ्या पाण्यात थेंबाथेंबाने सोडत होता. सगळा खडक मला टाकून द्यावा लागला. त्या मुक्या जीवांचे मला आजही वाईट वाटते, कारण एक प्रश्न विचारला असता तर ते वाचले असते.

सुका खडक आणल्यावर तो आरओ-डीआयच्या (गाळून क्षार काढून टाकलेल्या) पाण्याने धुवा आणि आठवडाभर पिंपात, पंप लावून, खाऱ्या पाण्यात ठेवा. शेवटी फॉस्फेट मोजा. 0.1 पीपीएमच्या वर असेल तर पाणी बदलून आणखी आठवडाभर ठेवा. आम्लाने खडक धुण्याच्या पद्धती तुमच्या वाचनात येतील. गच्चीवर, हातमोजे आणि चश्मा घालून, अनुभवी माणसाबरोबर करण्याचे ते काम आहे, कृत्रिम खडकाला त्याची गरजही नाही.

मांडणी करताना तुमची जुनी सवय आड येईल. वनस्पतींच्या टाकीत आपण आधी माती आणि मग दगड ठेवतो. येथे उलटे करा: खडक थेट तळाच्या काचेवर, खाली प्लॅस्टिकची जाळी घालून ठेवा आणि वाळू मागाहून ओता. वाळू उकरणारे मासे आणि कोळंब्या खडकाखालची वाळू काढून टाकतात, आणि वाळूवर उभा केलेला मनोरा मग एखाद्या रात्री काचेवर कोसळतो. पुठ्ठ्यावर टाकीच्या तळाचे माप आखून घ्या आणि जमिनीवर, कोरड्यात, हवा तितका वेळ खडक रचून पाहा. हे काम मुलीला बरोबर घेऊन करा. कोणती गुहा माशांना आवडेल हे मुलांना आपल्यापेक्षा लवकर दिसते. रचना ठरली की घट्ट सुपरग्लू आणि दोन भागांची इपॉक्सी पुट्टी यांनी जोड पक्के करा. मागच्या आणि बाजूच्या काचांपासून पाच-पाच सेंटीमीटर जागा सोडा, नाहीतर काच पुसायला हात जाणार नाही. दोन वेगळी बेटे केलीत तर पाणी मधून खेळते राहील आणि, तुम्हाला ज्याची भीती वाटते ते, म्हणजे खडक पुन्हा काढण्याची वेळ आलीच, तर एक बेट काढता येईल, सगळे उपसावे लागणार नाही.

त्यानंतर 1.025 घनतेचे आणि 25-26 अंश तापमानाचे पाणी भरा, दिवे बंद ठेवा, आणि अमोनियम क्लोराइडने अमोनिया 2 पीपीएमपर्यंत न्या. काही जण कोळंबीचा तुकडा कुजत ठेवतात. मोजमाप नसल्यामुळे मी तो मार्ग सुचवत नाही. घातलेला अमोनिया 24 तासांत शून्यावर आला आणि नायट्राइटही शून्य आले, की टाकी तयार झाली. विरजण चांगले असेल तर याला तीन-चार आठवडे लागतात, नसेल तर सहा किंवा त्याहूनही अधिक.

त्यानंतर येणाऱ्या काळाची कल्पना आधीच देतो, कारण सुक्या खडकाचे बहुतेक पालक तेथेच खचतात. पहिल्यांदा सगळ्यावर तपकिरी धूळ बसेल, मग हिरवे केस उगवतील, कदाचित लालसर चिकट पापुद्रेही येतील. चार-सहा महिने टाकी सुंदर दिसणार नाही. या काळात घाबरून नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आणू नका, कारण डायनोफ्लॅजेलेट नेमके तशाच पाण्यात फोफावतात. नायट्रेट 5 ते 10 आणि फॉस्फेट 0.03 ते 0.1 पीपीएम राहू द्या. दिवे कमी वेळ लावा, गोगलगायी वाढवा, हाताने शैवाल उपटा. खडक बदलायचा विचार या काळात मनात येईलच. तो बदलू नका.

राहिला वाढदिवस. सहा आठवड्यांत मासे येऊ शकतील, पण मी तारखेवर मासे आणायला सांगणार नाही, आणि तुम्हीही मुलीला तारीख सांगू नका. तिला आजच एक वही आणि टेस्ट किट द्या. रोज संध्याकाळी तिने नळीतला रंग तक्त्याशी जुळवून अमोनिया आणि नायट्राइटचे आकडे लिहावेत. रंग फिकट होत जाताना पाहणे मुलांना फार आवडते, आणि मासे कधी येणार हे तिला तुम्हाला विचारावे लागणार नाही. वाढदिवसाला दोन्ही रकान्यांत सलग तीन दिवस शून्य असेल तर तिला घेऊन टाकीत वाढवलेल्या क्लाउनफिशची लहान जोडी आणा. समुद्रातून पकडलेल्या माशांपेक्षा ती अधिक काटक असते आणि तिला समुद्रफुलाचीही गरज नसते. शून्य नसेल, तर त्या दिवशी केक कापा आणि संध्याकाळचा आकडा लिहा.

मेहुण्यांना मात्र गोणी निघण्यापूर्वी आजच फोन करा. पावसाळा संपला की आम्हीच मालवणला येतो, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याजवळचे प्रवाळ मुलीला पाण्यात तोंड घालून पाहू दे, असे त्यांना सांगा.